नवी विंडो सगळ्यात शेवटी: वेब ॲप्लिकेशनमधील मॉड्यूल एकमेकांना जोडण्याचा क्रम

आडत दुकानांसाठी, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणाऱ्या पेढ्यांसाठी, वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांच्या कामात एक चूक पुन्हा पुन्हा आढळते. सौद्याच्या पानावर ‘पट्टी’ (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशोब) असे बटण ठेवले जाते, त्याच्या क्लिकवर विंडो डॉट ओपन हे नवी विंडो उघडणारे फंक्शन लिहिले जाते, नवी विंडो उघडलेली दिसते आणि दोन मॉड्यूल (ॲप्लिकेशनचे स्वतंत्र भाग) जोडले गेले असे समजून काम पुढे सरकते. कार्यालयात सारे सुरळीत चालते. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढीवर मात्र कधी विंडो उघडतच नाही, कधी उघडून रिकामी राहते, आणि सर्वांत वाईट म्हणजे कधी एका शेतकऱ्याच्या पट्टीवर दुसऱ्याच्याच लॉटचे (विक्रीला आलेल्या मालाच्या गटाचे) वजन छापले जाते. या तिन्ही दोषांचे मूळ कामाच्या क्रमात आहे. आधी प्रत्येक मॉड्यूल स्वतंत्रपणे उघडता आला पाहिजे, मग तो दुव्याने जोडला गेला पाहिजे, आणि त्यानंतरच तो नव्या विंडोत उघडायचा की नाही हे ठरवायला हवे.

या लेखात उदाहरण म्हणून हळद आणि बेदाण्याच्या पेढीचे एक ॲप्लिकेशन घेतले आहे. त्यात आवक, सौदा, तोलाई (मालाचे वजन), पट्टी आणि खातेवही असे पाच मॉड्यूल आहेत, आणि या पाचांना बांधणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे लॉट क्रमांक. विंडोंमधून फिरायचा तो हाच क्रमांक. वजन, दर, हमाली, तोलाईचा आकार, शेतकऱ्याचे नाव ही बाकीची सारी माहिती प्रत्येक पानाने सर्व्हरकडून स्वतः घ्यायची. पुढचे सर्व टप्पे याच नियमावर उभे आहेत.

पूर्वतयारी

कोड लिहिण्याआधी कागदावर एक तक्ता करावा. कोणत्या मॉड्यूलमधून कोणता उघडतो, उघडताना त्याला काय द्यावे लागते, काम झाल्यावर परत काय कळायला हवे, आणि तो कोठे उघडावा, असे चार रकाने पुरेत. शेवटच्या रकान्याची उत्तरे तीनच असतात: त्याच पानाच्या जागी, त्याच पानावर डायलॉगमध्ये (पानावरच उघडणाऱ्या चौकटीत), किंवा नव्या विंडोत.

दोन गोष्टी खरोखर एकाच वेळी डोळ्यांसमोर हव्या असतील तेव्हाच नवी विंडो योग्य ठरते. दिवाणजी, म्हणजे पेढीचा कारकून, पट्टी लिहीत असताना शेजारी शेतकऱ्याचा खातेउतारा पाहतो, किंवा छपाईचे पान वेगळे हवे असते, ही त्याची उदाहरणे. याउलट, आवक नोंदवताना यादीत नसलेला शेतकरी भरायचा असेल तर नवी विंडो उघडू नये. ते काम मिनिटभराचे आहे आणि त्यानंतर आवकीच्याच फॉर्मवर परत यायचे आहे. त्यासाठी एचटीएमएलचा डायलॉग घटक वापरावा; मार्च २०२२ पासून तो सर्व प्रमुख ब्राउझरांत चालतो. पूर्वी याच कामासाठी वापरले जाणारे शो मोडल डायलॉग हे फंक्शन क्रोमने २०१४ मध्येच काढून टाकले, तेव्हा जुन्या कोडमध्ये ते सापडल्यास दुरुस्तीत वेळ न घालवता ते बदलून टाकावे.

तपासणीसाठी ब्राउझरचे एक कोरे प्रोफाइल तयार ठेवावे. ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याच्या ब्राउझरने पॉपअपला (पानाने स्वतः उघडलेल्या विंडोला) कधीतरी ‘नेहमी परवानगी द्या’ असे उत्तर दिलेले असते आणि ते लक्षात राहिलेले नसते. पेढीवरच्या संगणकाने तशी परवानगी दिलेली नसते, म्हणून तेथे नेमकी तीच विंडो अडते.

टप्पा १: प्रत्येक मॉड्यूलला स्वतःचा पत्ता द्यावा

पट्टीचे पान केवळ आपल्या पत्त्यावरून पूर्ण उघडले पाहिजे. पत्त्यात मॉड्यूलचे नाव आणि लॉट क्रमांक एवढेच असावे. आधीच्या पानाने कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय ठेवले होते, यावर ते अवलंबून असता कामा नये.

येथे सर्वांत घातक चूक सर्व्हरच्या सेशनमध्ये, म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाविषयी सर्व्हर लक्षात ठेवतो त्या माहितीत, ‘चालू लॉट’ ठेवण्याची आहे. एका ब्राउझरमधल्या सर्व टॅबना आणि विंडोंना एकच कुकी (ओळखीसाठी ब्राउझरने जपलेली छोटी नोंद) लागू होते, म्हणून त्यांचे सर्व्हर सेशनही एकच असते. दिवाणजी पहिल्या विंडोत लॉट ४१२७ उघडतो, तेवढ्यात दुसरा शेतकरी समोर येतो म्हणून दुसऱ्या विंडोत लॉट ४१३० उघडतो, आणि नंतर पहिल्या विंडोकडे वळून ‘जतन करा’ दाबतो. पडद्यावर ४१२७ दिसत असते, सर्व्हरच्या लेखी मात्र चालू लॉट ४१३० झालेला असतो. वजन चुकीच्या लॉटवर लिहिले जाते, कोठेही त्रुटीचा संदेश येत नाही, आणि घोटाळा कळतो तो शेतकरी पट्टी घेऊन परत आल्यावर. ज्याने वर्षभर राबून हळद पिकवली त्याच्या हातात चुकीचा हिशोब पडणे ही किरकोळ तांत्रिक चूक मानता येणार नाही. म्हणून जतन करण्याच्या प्रत्येक विनंतीत लॉट क्रमांक स्पष्टपणे गेलाच पाहिजे.

ब्राउझरच्या सेशन स्टोरेजवर, म्हणजे टॅबपुरत्या तात्पुरत्या साठ्यावर, विसंबणे वेगळ्या प्रकारे फसवते. ते प्रत्येक टॅबचे स्वतंत्र असते. विंडो डॉट ओपनने उघडलेल्या विंडोला उघडण्याच्या क्षणी त्याची एक प्रत मिळते. त्यानंतर दोन्ही प्रती वेगळ्या होतात, आणि एकीतला बदल दुसरीला कळत नाही. नोओपनर, म्हणजे उघडणाऱ्या पानाशी संबंध तोडणारी सूचना, लावून उघडलेल्या विंडोला तर ही प्रतही मिळत नाही. एका मार्गाने उघडले की पान चालते आणि दुसऱ्या मार्गाने उघडले की रिकामे येते, अशा तक्रारीचे कारण बहुधा हेच असते.

पत्ता तयार करताना मजकुराचे तुकडे अधिक चिन्हाने जोडू नयेत. यूआरएल सर्च पॅरम्स हे पत्त्यातली माहिती नीट बांधणारे साधन वापरावे. खरेदीदार फर्मच्या नावात ‘&’ आले की हाताने जोडलेला पत्ता तेथेच तुटतो, आणि शोध अर्धवट नावावर होतो.

सावधान: बँक खाते, मोबाईल क्रमांक किंवा शेतकऱ्याचे नाव पत्त्यात कधीही घालू नये. पत्ता ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये राहतो.

सावधान: पत्त्यातला क्रमांक कोणीही बदलू शकतो. एकच ॲप्लिकेशन अनेक पेढ्या वापरत असतील, तर हा लॉट याच पेढीचा आहे का, हे सर्व्हरने प्रत्येक विनंतीला तपासले पाहिजे. दुवा दाखवला नाही म्हणजे पान सुरक्षित झाले, असे होत नाही.

तपासणी: पट्टीच्या पानाचा पत्ता कॉपी करून त्याच ब्राउझरच्या कोऱ्या टॅबमध्ये टाकावा. पान पूर्ण उघडले पाहिजे. मग ते रिफ्रेश करावे. तरीही तोच लॉट दिसला पाहिजे. ही तपासणी पाचही मॉड्यूलसाठी झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात घालू नये.

टप्पा २: साध्या दुव्याने जोडावे

पहिला टप्पा नीट झाला असेल तर जोडणीचे बहुतांश काम साध्या अँकर दुव्याने होते. एचरेफमध्ये, म्हणजे दुव्याचा पत्ता लिहायच्या गुणात, खरा पत्ता असला की कंट्रोल दाबून क्लिक करणे, माउसचे मधले बटण दाबणे किंवा फोनवर दुवा दाबून धरणे या वापरणाऱ्याच्या सवयी आपोआप चालतात, आणि नवा टॅब हवा की नको हे तो स्वतः ठरवू शकतो. बटणावर ऑनक्लिक लिहून पान बदलले की या साऱ्या सोयी नाहीशा होतात. एचरेफमध्ये नुसते हॅशचिन्ह ठेवणे हा त्याच चुकीचा दुसरा प्रकार आहे.

दुवा नेहमी नव्या टॅबमध्येच उघडायचा असेल तर दुव्याच्या टार्गेट या गुणात अंडरस्कोर ब्लँक लिहावे आणि सोबत रेल या गुणात नोओपनर लिहावे. अशा दुव्यांना नोओपनर आपोआप लागू करण्याची पद्धत फायरफॉक्समध्ये २०२० साली आवृत्ती ७९ पासून आणि क्रोममध्ये २०२१ साली आवृत्ती ८८ पासून आली. तरीही ते स्पष्ट लिहिलेले बरे, कारण पेढ्यांवर जुने संगणक आणि जुने ब्राउझर अजून टिकून आहेत. नोओपनर नसेल तर उघडलेले पान आपल्या मूळ पानाला भलत्याच पत्त्यावर नेऊ शकते. बाहेरच्या संकेतस्थळाचा दुवा असेल तर हा धोका खरा आहे.

दुव्याच्या मजकुरात ‘नव्या विंडोत’ असा उल्लेख असावा. नव्या टॅबमध्ये मागे जाण्याचे बटण चालत नाही आणि सवय नसलेला माणूस तेथे अडकतो.

टप्पा ३: विंडो डॉट ओपन, खरोखर लागेल तेथेच

विंडोचा आकार ठरवायचा असेल किंवा तिच्याशी नंतर बोलायचे असेल, तरच हे फंक्शन वापरावे. त्याला पत्ता, विंडोचे नाव आणि आकारादी गुण अशा तीन गोष्टी दिल्या जातात, आणि चुका बहुतेक दुसऱ्या गोष्टीत होतात. सर्व पट्ट्यांना ‘पट्टी’ हे एकच नाव दिले, तर दुसरी पट्टी पहिल्या विंडोतच उघडते आणि तेथे अर्धवट भरलेले सारे नाहीसे होते. नावाच्या जागी दरवेळी अंडरस्कोर ब्लँक दिले, तर एकाच लॉटच्या चार विंडो पडद्यावर साचतात. म्हणून नावात लॉट क्रमांक घालावा.

एवढ्यानेही काम पुरे होत नाही. त्याच नावाने पुन्हा ओपन केले की ब्राउझर ती विंडो शोधतो आणि त्यात पत्ता नव्याने उघडतो. म्हणजे पान पुन्हा लोड होते आणि न जतन केलेला मजकूर जातो. यासाठी पहिल्यांदा मिळालेला विंडोचा संदर्भ जपून ठेवावा. दुसऱ्या क्लिकला क्लोज्ड हा गुण पाहावा, आणि विंडो अजून उघडी असेल तर केवळ फोकस करावे.

आता पॉपअप अडवला जाण्याविषयी. वापरणाऱ्याने क्लिक केल्यानंतर थोडाच वेळ ब्राउझर नवी विंडो उघडू देतो. क्रोममध्ये ही मुदत सुमारे ५ सेकंद आहे, सफारीत याहून कमी. बहुतेक जण क्लिक झाल्यावर आधी सौदा सर्व्हरवर जतन करतात, उत्तराची वाट पाहतात आणि मग विंडो उघडतात. कार्यालयातल्या वेगवान नेटवर उत्तर लगेच येते म्हणून हे चालते. हंगामात, सौदे चालू असताना, यार्डातल्या मोबाईल नेटवर उत्तराला उशीर होतो आणि मुदत टळून गेलेली असते. ‘तुमच्याकडचा संगणक बिघडला असेल’ असे उत्तर अशा वेळी पेढीला दिले जाते. ते चूक आहे. दोष कोडच्या क्रमात असतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला असा की क्लिक होताच रिकामी विंडो उघडावी, तीत ‘थांबा, पट्टी तयार होत आहे’ एवढे लिहावे, मग सर्व्हरला विनंती करावी, आणि उत्तर आल्यावर त्या विंडोला खरा पत्ता द्यावा. विनंती फसली तर ती विंडो बंद करून मूळ पानावर कारण दाखवणे यात अनिवार्य आहे, नाहीतर पडद्यावर रिकाम्या विंडो उरतात. दुसरा उपाय अधिक साधा आहे: क्लिकवर फक्त जतन करावे, आणि जतन झाल्यावर त्याच जागी ‘पट्टी उघडा’ हा दुवा दाखवावा. एक क्लिक वाढतो, पण काहीही अडत नाही, आणि सौदा खरोखर जतन झाला आहे हे दिवाणजीला दिसते. पैशांच्या नोंदी असलेल्या कामात दुसराच उपाय निवडावा, असे माझे मत आहे.

सावधान: विंडो अडली की फंक्शन नल (काहीच नाही असे मूल्य) परत देते, म्हणून नल तपासून संदेश आणि साधा दुवा दाखवावा. परंतु तिसऱ्या जागी नोओपनर लिहिले असेल तर विंडो व्यवस्थित उघडूनही नलच मिळते. तेथे ही तपासणी ‘पॉपअप अडवला’ असा खोटा इशारा देते.

सावधान: ‘आजच्या सर्व पट्ट्या उघडा’ असे बटण करून लूपमध्ये विंडो उघडू नयेत. एका क्लिकला एकच विंडो मिळते असे धरून चालावे. सर्व पट्ट्यांचे एकच छपाईचे पान करावे आणि प्रत्येक पट्टीनंतर सीएसएसने पान तोडावे.

फोनवर लांबी-रुंदी विचारात घेतली जात नाही आणि सारे टॅबमध्ये उघडते. पट्टीची मांडणी ठरावीक रुंदीवर अवलंबून ठेवू नये.

टप्पा ४: काम झाल्याचा निरोप परत पोचवावा

पट्टी तयार झाली की सौद्याच्या पानावर त्या लॉटची स्थिती बदलायला हवी. यासाठी अनेक जण नव्या विंडोतून ओपनरद्वारे, म्हणजे तिला उघडणाऱ्या विंडोच्या संदर्भाद्वारे, मूळ पानाच्या रकान्यांत थेट मजकूर लिहितात. मूळ पान मधल्या काळात रिफ्रेश झाले, किंवा दिवाणजी तेथून खातेवहीत गेला, की हे तुटते; आणि सौद्याच्या पानाची रचना बदलली की पट्टीचा मॉड्यूलही मोडतो. निरोपात फक्त घटना आणि क्रमांक असावा: ‘लॉट ४१२७, पट्टी झाली’. तो ऐकून सौद्याच्या पानाने ताजी माहिती सर्व्हरकडून आणावी. निरोपातच रक्कम पाठवून ती पडद्यावर लिहिण्याचा मोह टाळावा, कारण मग पडद्यावरची रक्कम आणि खातेवहीतली रक्कम वेगळी पडण्याची वाट मोकळी होते.

सर्व मॉड्यूल एकाच ओरिजिनवर असतील, म्हणजे प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट तिन्ही सारखे असतील, तर ब्रॉडकास्ट चॅनल ही विंडोंमध्ये निरोप पाठवण्याची ब्राउझरची सोय वापरावी. सफारीमध्ये ते मार्च २०२२ मधील आवृत्ती १५.४ पासून आले आणि आता सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे. त्यात कोणी कोणाला उघडले याने काही फरक पडत नाही. त्या वेळी उघड्या असलेल्या आणि ऐकत असलेल्या इतर सर्व विंडोंना निरोप मिळतो. याहून जुन्या ब्राउझरांसाठी लोकल स्टोरेज या ब्राउझरच्या कायम साठ्यात बदल झाल्याची वर्दी देणारा स्टोरेज इव्हेंट चालतो, मात्र तो ज्या विंडोने बदल केला तिला सोडून इतरांनाच मिळतो.

खातेवही वेगळ्या सबडोमेनवर किंवा वेगळ्या पोर्टवर असेल तर पोस्ट मेसेज हे एका विंडोतून दुसरीला निरोप देणारे फंक्शन लागते. पाठवताना ओरिजिनच्या जागी तारांकन न लिहिता नेमका पत्ता लिहावा, आणि स्वीकारताना निरोप कोणत्या ओरिजिनहून आला हे तपासल्याशिवाय त्यावर काहीही करू नये. यात एक गोष्ट नेहमी राहून जाते: विंडो उघडल्याबरोबर निरोप पाठवला तर पलीकडचे पान अजून लोड झालेले नसते आणि निरोप हरवतो. म्हणून नव्या विंडोने आधी ‘मी तयार आहे’ असे कळवावे, आणि ते आल्यावरच पुढचे बोलणे व्हावे.

सर्व्हर क्रॉस ओरिजिन ओपनर पॉलिसी हा हेडर (पानासोबत ब्राउझरला जाणारी सूचना) ‘सेम ओरिजिन’ या किमतीने पाठवत असेल, तर वेगळ्या ओरिजिनच्या विंडोशी असलेला दुवा तुटतो. विंडो डोळ्यांसमोर उघडी असूनही क्लोज्ड हा गुण होकारार्थी येतो. दुवा विनाकारण तुटलेला वाटला तर आधी हेडर पाहावेत.

तपासणी: सौद्यातून पट्टी उघडावी, मग सौद्याचे पान रिफ्रेश करावे आणि त्यानंतर पट्टी जतन करावी. सौद्याच्या पानावर स्थिती बदलली पाहिजे.

टप्पा ५: एकच नोंद दोन विंडोंत

नवी विंडो उघडण्याची सोय दिली की एकच लॉट दोन ठिकाणी उघडा राहणार, हे गृहीत धरावे. एका विंडोत तोलाईचे वजन दुरुस्त होते. दुसरीत जुन्या वजनावर पट्टी जतन होते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक देणे. पान उघडताना तो क्रमांक सोबत घ्यावा, जतन करताना परत पाठवावा, आणि डेटाबेसमध्ये तोच क्रमांक असेल तरच बदल करावा. जुळला नाही तर सर्व्हरने ४०९ (बदलांत संघर्ष आहे असे सांगणारा कोड) हे उत्तर द्यावे, आणि पानाने जुने व नवे वजन शेजारी शेजारी दाखवून दिवाणजीला निर्णय घेऊ द्यावा. गुपचूप कोणतीही एक बाजू पुसून टाकू नये.

दोन विंडोंतून दोनदा ‘पट्टी करा’ दाबले गेले तर दोन पट्ट्या होता कामा नयेत. बटण निष्क्रिय करून हे थांबत नाही, कारण दुसऱ्या विंडोतले बटण सक्रियच असते. एका लॉटला एकच चालू पट्टी, हे बंधन डेटाबेसमध्येच हवे.

पेढीवर एकाच संगणकावर मालक आणि दिवाणजी दोघेही बसतात. दिवाणजीची विंडो उघडी असताना मालकांनी दुसऱ्या टॅबमध्ये स्वतःच्या नावाने लॉगिन केले की कुकी बदलते, आणि दिवाणजीच्या विंडोतली पुढची नोंद मालकांच्या नावावर जाते. पान ज्याच्या नावाने उघडले त्याचा क्रमांक फॉर्मसोबत पाठवावा आणि सर्व्हरने तो चालू लॉगिनशी पडताळावा. लॉगिनची मुदत संपली असेल, तर भरलेला फॉर्म टाकून लॉगिनच्या पानावर उडी मारू नये. त्याच पानावर डायलॉगमध्ये पासवर्ड घ्यावा.

टप्पा ६: छपाई आणि विंडो बंद करणे

छपाईचा आदेश पान लोड होताच दिला तर देवनागरी फॉन्ट अजून उतरलेला नसतो आणि पट्टी भलत्याच अक्षरांत, ओळी सरकलेल्या, अशी निघते. डॉक्युमेंटच्या फॉन्ट्स रेडीची वाट पाहून मग प्रिंट करावे. विंडो आपोआप बंद करायची असेल तर ते आफ्टर प्रिंट इव्हेंटवर करावे. मात्र कागद अडकला, छपाई रद्द झाली, तरीही हा इव्हेंट येतो, म्हणून मी ती उघडीच ठेवणे पसंत करतो.

स्क्रिप्टने उघडलेली विंडोच स्क्रिप्टला बंद करता येते, हा सर्वसाधारण नियम आहे. दिवाणजीने पत्ता टाकून पान उघडले असेल तर ‘बंद करा’ हे बटण काहीच करणार नाही. तेथे सौद्याकडे परत जाणारा दुवाही द्यावा.

न जतन केलेल्या मजकुरासाठी पान सोडताना येणारा बिफोर अनलोड इव्हेंट वापरता येतो, पण त्यात आपला मराठी इशारा दिसत नाही, ब्राउझर आपलाच ठरावीक मजकूर दाखवतो; आणि फोनवर तो इव्हेंट हमखास येईल असे नाही. मसुदा थोड्या थोड्या वेळाने जतन करणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

टप्पा ७: पेढीवरची अखेरची तपासणी

ही तपासणी कोऱ्या प्रोफाइलने, पेढीच्याच नेटवर आणि पेढीच्याच प्रिंटरवर करावी. दोन विंडोंत दोन लॉट उघडून आलटून पालटून जतन करावेत आणि दोन्ही वजने डेटाबेसमध्ये पाहावीत. नेट मुद्दाम मंद करून पट्टी उघडावी. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये तशी सोय असते. एकच लॉट संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर उघडून दोन्हीकडून बदलावा आणि ४०९ चा संदेश वाचून तो दिवाणजीला समजतो का, हे त्यालाच विचारावे. हे सारे हंगाम सुरू होण्याआधी उरकावे, कारण सौदे चालू झाल्यावर पेढीवर कोणालाही थांबायला वेळ नसतो आणि चुकलेली पट्टी दुरुस्त करायची तर खातेवहीपर्यंत मागे जावे लागते.